कुठून मोजता, डॅडी?

टॅक्सीचं मागचं चाक खड्ड्यात गेलं, माझं डोकं छताला आपटलं आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या मुलाचं गाणं सुलटं झालं. खड्डा किंग्स्टनच्या माउंटन व्ह्यू रोडवरचा, जुना आणि नावाजलेला. निवडणूक आली की त्याच्यात खडी पडते, निकाल लागला की निघते. मागच्या सीटवर आम्ही चौघं होतो, म्हणजे जागा तिघांची होती. माझ्या मांडीवर एक पाकीट, त्यात अंत्यविधीच्या पत्रिकेचा छापखान्यातून तपासून आणलेला नमुना. शेजारच्या बाईंच्या मांडीवर कलालूच्या पाल्याची एवढी मोठी जुडी की तिचं वेगळं भाडं घ्यायला हरकत नव्हती. समोर रेडिओ. माझा गार्नेट गेल्याला सहा दिवस झाले होते आणि त्या सहा दिवसांत रेडिओवाल्यांनी त्याचं ते एकच गाजलेलं गाणं जितक्या वेळा लावलं, तितकं तो जिवंत असताना अठ्ठावीस वर्षांत मिळून लावलं नसेल. कलावंताला मरणासारखी दुसरी जाहिरात नाही.

सुलटं झालं म्हणजे काय, ते सांगतो. मी सेहेचाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. स्तोत्र कसं, पहिल्या मात्रेवर दोन्ही पाय रोवून उभं असतं. एक, दोन, तीन, चार. एकवर जोर, एकवर माझा पाय पेडलवर, एकवर मंडळींचा आवाज. गार्नेटचं गाणं रेगे, आणि रेगेमध्ये ती एक रिकामी असते. सम आहे, पण तिच्यावर कोणी बसत नाही. दोनवर गिटारचा तुटक फटका, तीनवर ड्रमचा ठोका, चारवर पुन्हा गिटार, आणि एकवर हवा. ज्याचा जन्म त्यात गेला त्याला ती हवा ऐकू येते. माझ्यासारखा स्तोत्रवाला मात्र पहिला जो ठळक आवाज कानावर पडेल त्यालाच एक समजतो, म्हणजे गिटारला, म्हणजे दोनला. तिथून पुढे सगळं गाणं त्याच्या कानात एका घराने सरकलेलं. गाणारा अगदी समेवर आला तरी याला वाटतं, हा एक मात्रा आधीच घुसला. घाई केली. हे शहाणपण मला टॅक्सीत सुचलं असं कृपा करून समजू नका. टॅक्सीत फक्त डोकं आपटलं. डोकं आपटलं तशी मोजणी सुटली, आणि ती पुन्हा धरायच्या आत गार्नेटचा आवाज आला. आणि तो आला तीच एक झाली. फाटक ओढून घेतलंय, कडी घातली नाही, असं काहीतरी तो गात होता. प्रत्येक ओळ आपल्या जागी येऊन बसत होती, दमून घरी आलेला माणूस आपल्या खुर्चीत बसतो तशी. जेमतेम अर्धं कडवं. मग टॅक्सी वळली आणि माझ्या कानाने सवयीने सगळं पुन्हा उलटवून ठेवलं.

"किती वर्षांचा होता?" बाईंनी रेडिओकडे हनुवटी उडवून विचारलं.

"सत्तेचाळीस," ड्रायव्हर म्हणाला. "डोक्यातली शीर फुटली. नळ दुरुस्त करत होता म्हणे कुणाच्या तरी अंगणात."

"लवकर गेला बिचारा."

"बाप आहे अजून. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. पोराचं एक गाणं ऐकलं नाही म्हातारड्याने. रेगे लागलं की खिडकी लावून घ्यायचा."

"असले बाप असतात," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काय हो काका, असतात की नाही?"

"असतात," मी म्हटलं.

खिडकी लावून घ्यायचा ही निव्वळ अफवा. आमच्या खिडक्यांना लाकडी झडपा आहेत. त्या लावल्या तरी अख्खी गल्ली ऐकू येते. अंगण कुणाचं तरी नव्हतं, माझं होतं. आणि ऐकलं नाही हे तर साफ खोटं. मी ऐकलं होतं. बारा वेळा ऐकलं होतं, हातात पेन्सिल घेऊन.

तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. इस्त्रीचा शर्ट घालून, तबकडी काखेत धरून दिवाणखान्याच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, डॅडी, वेळ असेल तर. मला वेळ होता. पियानो शिकायला येणारी शेवटची मुलगी नुकतीच रडत घरी गेली होती. मी तबकडी लावली, चष्मा चढवला, लाल पेन्सिलीला टोक केलं. पहिल्याच शब्दाला कपाळावर आठी आली. पुन्हा सुई ठेवली. पुन्हा तेच. स्वयंपाकघरात हायसिंथ, माझी बायको, भातात टाकायला नारळ खवत होती. तिचं खवणं मध्येच थांबलं, मग सुरू झालं, मग थांबलं. बारा वेळा ऐकून मी तबकडीच्या कागदी पाकिटावर गाण्याच्या सगळ्या ओळी लिहून काढल्या आणि प्रत्येक ओळीच्या पहिल्या शब्दाभोवती लाल गोल केला. चौदा ओळी, चौदा गोल. समासात लिहिलं, एक मात्रा आधी. खाली शेरा: आवाज चांगला. ताल नाही. पुन्हा. हे 'पुन्हा' मी सगळ्याच विद्यार्थ्यांना लिहितो. त्यात काही मनात नसतं. गार्नेटने पाकीट हातात घेतलं आणि सावकाश, वरून खालपर्यंत वाचलं. मग विचारलं, "कुठून मोजता, डॅडी?" मी म्हटलं, "एकपासून. सगळं जग मोजतं तिथून." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलेलं मी स्पष्ट पाहिलं. आणि ते त्याने गिळलेलंही पाहिलं, कारण त्याच्या गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली. मला वाटलं, चूक कबूल करायची लाज वाटते आहे. वय आहे, होतं असं. मग तो हसला, पाकिटाची नीट घडी घातली आणि म्हणाला, "बरं. तुमचं बरोबर असेल." हायसिंथने जेवायला हाक मारली. तो जेवला, भात मागून घेतला. दोन महिन्यांनी त्याने स्लाइप रोडकडे खोली घेतली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं, त्याला एक जागा असते, तारीख असते. आमचं काहीच झालं नाही. अठ्ठावीस वर्षं तो दर रविवारी दुपारी यायचा, हंगाम असला तर पिशवीभर बॉम्बे आंबे घेऊन (आमच्याकडच्या त्या आंब्याचं नाव बॉम्बे का, हे आजवर मला कोणी सांगू शकलेलं नाही). आल्या आल्या घरातून एक फेरी मारायचा: कुठला नळ गळतोय, कुठल्या बिजागरीला तेल हवंय. मग आम्ही क्रिकेटवर बोलायचो. त्याच्या जुन्या खोलीत तो तासभर पडायचा, उठून कॉफी पिऊन जायचा. हायसिंथ गेल्यावरही एक रविवार चुकला नाही. संगीताचा शब्द निघत नसे. बेटभर तो गायक होता, माझ्या घरात नळदुरुस्तीवाला. मलाही त्यात काही खटकत नव्हतं. उलट मी लोकांना सांगायचो, माझा मुलगा हाताने फार हुशार. त्या रविवारी पाना त्याच्या हातात होता. मी झडपेतून विचारलं, वॉशर मिळाला का? तो म्हणाला, "मिळाला, डॅडी," आणि एका अंगावर हलकेच कलंडला, जणू खालून बघतोय कुठून गळतंय ते. मी आणखी दोन प्रश्न विचारले. तो नळ अजून तसाच अर्धा उघडलेला आहे. मी कोणाला बोलावलेलं नाही. मीटरपाशी पाणी बंद केलंय आणि शेजारून बादली आणतो.

टॅक्सीतून उतरलो तरी डोकं ठणकत होतं, आणि त्या ठणक्यासकट मला ते चार परदेशी आठवले, ज्यांची आठवण निघाली की मी नेहमी हसत आलो होतो. गार्नेटच्या तबकडीनंतर दोन वर्षांनी कुठल्याशा थंड देशातून ते आले होते, व्हायोलिन वगैरे वाजवणारे, माना नाजूक, नाकं सोललेली. त्यांना तारवाद्यांवर रेगे वाजवायचं होतं. त्यांना नोटेशन लिहून देणारा माणूस हवा होता, आणि किंग्स्टनमध्ये जे रेगे वाजवत होते ते नोटेशन लिहीत नव्हते, म्हणून ते रेगे न वाजवणाऱ्या माझ्याकडे आले. त्यांच्यातल्या म्होरक्याने घाम पुसत फार नम्रपणे विचारलं, "साहेब, यात एक कुठे आहे?" मी टेबलावर बोट आपटून दाखवलं. ठाम दाखवलं. तीन दिवस त्या बिचाऱ्यांनी माझ्या बोटाकडे बघत सराव केला. पुढच्या वर्षी त्यांची तबकडी बेटावर आली तेव्हा ऑरेंज स्ट्रीटवरच्या एका दुकानाने ती बाहेरच्या भोंग्यावर लावली आणि लोक रस्त्यात उभं राहून विजेचे खांब धरून हसले. गोऱ्यांना एक सापडत नाही, असं म्हणत होते. हातात पॅटी होती, तोंडात घास होता, तरी मीही हसलो. गर्दीत पलीकडे गार्नेट उभा होता. दुकानदाराने तबकडीचं वेष्टन त्याच्या हातात दिलं होतं आणि तो मागची बाजू वाचत होता, जिथे बारीक अक्षरांत छापलं होतं: तालासाठी मार्गदर्शन, एग्बर्ट पॉटिंजर. तो हसत नव्हता. त्याने वेष्टन उलटं करून, नाव आतल्या बाजूला जाईल असं छातीशी धरलं आणि दुकानदाराला म्हणाला, हे मी घेतो. त्यांच्याकडे आलेली एकच प्रत होती. तेव्हा मला वाटलं, बापाचं नाव छापून आलंय म्हणून घेतली.

चर्चमध्ये बॅमी आधीच पोचला होता. खरं नाव कोणालाच माहीत नाही. चेहरा बॅमीसारखा, म्हणजे कसावाच्या भाकरीसारखा, गोल आणि सपाट, म्हणून बॅमी. त्या तबकडीवरचा ड्रम त्याचा होता, त्यानंतर गार्नेट जिथे गेला तिथे तो गेला. गायकवृंदाच्या बाकांमध्ये त्याने आपलं सामान मांडलं होतं. गिटारवाला आणि बासवाला गुडघ्यावर टोप्या ठेवून अंग चोरून बसले होते, दंतवैद्याकडे बसतात तसे. त्यांना बोलावलं होतं मीच. आमच्या चर्चच्या पाद्रींना, रेक्टरना, मीच सांगितलं होतं की शनिवारी गार्नेटचं गाणं होईल आणि ऑर्गन मी वाजवीन. पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने नवं काही शिकू नये, त्यातून ते मुलाच्या अंत्यविधीसाठी असेल तर अजिबात शिकू नये. पण मी सेहेचाळीस वर्षांत गावातल्या सगळ्यांसाठी वाजवलं होतं. लग्न करणाऱ्यांसाठी, लग्न मोडून पुन्हा करणाऱ्यांसाठी, ज्यांच्या मरणाने कोणालाच वाईट वाटलं नाही अशांसाठीसुद्धा. गार्नेटसाठी एकदाच वाजवलं, तो वर्षाचा असताना, बाप्तिस्म्याला, आणि तेव्हा तो झोपलेला होता. आता एक शनिवार उरला होता. त्या शनिवारी त्याचं गाणं मला त्याच्या जागेवरून वाजवायचं होतं. माझ्या जागेवरून नव्हे. दुसरं त्याला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. गाणार कोणीच नव्हतं. आमच्याकडे तबकडीच्या पाठीमागे तेच गाणं गाणाऱ्याला काढून छापतात, नुसती वाद्यं. त्याला व्हर्जन म्हणतात. तसंच वाजवायचं ठरलं होतं. गार्नेटची जागा उघडी ठेवायची.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा बॅमी चार मात्रांत थांबला. दुसऱ्यांदा आठ. तिसऱ्यांदा त्याने काड्या मांडीवर ठेवल्या.

"मास्तर, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"कुठून मोजता?"

मी स्टुलावर वळलो. वळायला वेळ लागतो; आमचं स्टूल आणि मी एकाच वयाचे आहोत. "आज दुपारपर्यंत," मी म्हटलं, "गिटारपासून."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. गिटारवाल्याने टोपी घातली आणि लगेच काढली.

"म्हणजे कळलं तुम्हाला," बॅमी म्हणाला.

"माउंटन व्ह्यूवरच्या खड्ड्याने सांगितलं. तुला कधीपासून माहीत आहे?"

"जाऊ द्या ना आता."

"बॅमी."

त्याने मान खाली घातली. "गार्नेट तुमचा तो कागद स्टुडिओत घेऊन आला होता. लाल गोलवाला. आम्ही हसून हसून मेलो, मास्तर, खोटं कशाला बोलू. तो नाही हसला. म्हणाला, अरे, नीट बघा, चौदाच्या चौदा ठिकाणी सारखाच फरक आहे. डॅडी उलटं ऐकतायत एवढंच. एका घराने सरकवा, म्हणजे सगळं चोख. एक मात्रा सोडली नाहीये माणसाने. कोणी ऐकलंय का रे तुमचं गाणं इतक्या बारकाईनं? सगळ्यांना दाखवत सुटला होता. मी म्हटलं, मग जा ना, सांग त्यांना. तर म्हणाला, ते रविवारच्या रविवार सगळ्या चर्चला एक कुठे ते दाखवतात. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू? लाजतील. राहू दे. 'पुन्हा' लिहिलंय ना, मग पुन्हा गातो."

"गायला?"

"गायला की. तुमच्या हिशेबाने. प्रत्येक ओळ एक मात्रा उशिरा. तुम्हाला नेऊन ऐकवणार होता. पाच वेळा प्रयत्न केला, आणि पाचही वेळा मधेच कोसळला. जमत नाही हो ते, जाणूनबुजून चुकणं फार अवघड. आमचे पण हातपाय एकमेकांत अडकायला लागले. मग सोडून दिलं."

"टेप कुठे आहे ती?"

"टेप महाग असायची तेव्हा," बॅमी म्हणाला. "तिच्यावर दुसऱ्याचं काहीतरी भरलं."

मी ऑर्गनकडे वळलो, कारण तोंड फिरवायला चर्चमध्ये दुसरी सोयीची जागा नाही. पाइपांवर ओळीने धूळ होती. कोणीतरी पुसायला हवी होती. अठ्ठावीस वर्षं मी एका मुलाला क्षमा करत आलो होतो. दर रविवारी, आंबे कापताना, मोठ्या मनाने. त्याला ताल नाही, असू दे, हात चांगला आहे. आणि समोर बसून तो मला क्षमा करत होता, माझ्यापेक्षा चांगली, कारण त्याच्या क्षमेचा मला पत्ताही लागला नाही. माझी मात्र त्याला दर घासाला लागत असणार. मागून बॅमीचा आवाज आला, शिकवणीतल्या मास्तरसारखा, मऊ आणि कंटाळा न येऊ देणारा. "मास्तर, एक आली की काही करू नका. हात उचला, श्वास सोडा. दार वाजवून आपण उभे राहतो की नाही, तसं. मग आम्ही येतोच." संध्याकाळपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. माझे हात उचललेलेच राहायचे, किंवा उचलायच्या आत पाय पेडलवर पडायचा. सेहेचाळीस वर्षांचा पाय. पण निघताना एकदा, सलग दोन कडवी, मी त्या रिकाम्या जागेत उभा राहून आलो. मनात गार्नेटला गायला लावायचं, तो जिथे येईल ती एक; एवढीच युक्ती होती. बासवाला पहिल्यांदाच बोलला. "आता झालं की," म्हणाला.

शुक्रवारी नववीची रात्र (आमच्याकडे ती हल्ली अंत्यविधीच्या आदल्या रात्री धरतात, मोजून नववी असो वा नसो), म्हणून माझी बहीण आयसिल्डा दुपारीच येऊन कामाला लागली. अंगणात बोकडाच्या सुपाचा हंडा चढला, डोमिनोची टेबलं लागली. आणि तिने गार्नेटच्या खोलीचा ताबा घेतला. पलंगाची उशाची बाजू पायथ्याला केली, पलंग या भिंतीचा त्या भिंतीला लावला, कपाट खिडकीपाशी, आरसा भिंतीकडे तोंड करून. गेलेला माणूस नवव्या रात्री एकदा घरी येतो. खोली ओळखीची वाटली तर राहतो, नाही वाटली तर आपली जागा नव्हे असं समजून पुढच्या वाटेला लागतो. मी म्हटलं, हे ख्रिस्ती माणसाचं घर आहे. ती कपाट ढकलता ढकलता म्हणाली, "तू चर्चचं बघ, मी घरचं बघते. आयुष्यभर तेच करत आलायस." तिला रेगेबद्दल काही ठाऊक नव्हतं, तिने ते कपाटाला उद्देशून म्हटलं होतं; तरी मी अंगणात जाऊन बसलो. शेजारीपाजारी येऊन सांगून गेले, लवकर गेला हो, फार घाई केली. मी सगळ्यांना हो म्हणत होतो. मीच हे बेटावर सर्वांत आधी म्हटलं होतं, लेखी.

शनिवारी चर्च भरलं, अंगण भरलं, फाटकापर्यंत माणसं होती. पांढरे हातमोजे घातलेल्या चर्चच्या बायकांच्या शेजारी जटावाले म्हातारे बसले होते आणि दोघांनाही एकच पत्रिका मिळाली होती, स्वल्पविराम सगळे जागच्या जागी. स्तोत्रं झाली. मग रेक्टरनी मान हलवली आणि बॅमीने काड्या उचलल्या. शवपेटी माझ्या उजव्या हाताला होती, ऑर्गनच्या आरशात तिचं एक टोक दिसत होतं. मी हात उचलले, श्वास सोडला, आणि मनात गार्नेटला गायला लावलं. आला. तो जिथे आला तिथे मी काहीच केलं नाही, आणि त्या काहीच न करण्याच्या दोन्ही बाजूंना गाणं उभं राहिलं, दाराच्या चौकटीसारखं. पहिलं कडवं. माझी बोटं गिटारच्या आगेमागे बुडबुड्यांसारखी उठत होती आणि मला कळत होतं की हे बरोबर आहे. एवढं बरोबर मी आयुष्यात काही वाजवलेलं नाही. दुसरं कडवं. आरशातून बॅमीचा सपाट चेहरा दिसत होता. तो डोळे मिटून मान हलवत होता. तिसऱ्या कडव्यात ती फाटकाची ओळ येते. मी तिची वाट बघितली. मनातल्या मनात गाणारा माणूस सांगितलं तेव्हा गातोच असं नाही. त्या ओळीला तो आला नाही. मला नुसती ती जागा दिसली, मोकळी, आणि तिच्याकडे एकटक बघवेना. मी काहीतरी धरायला गेलो, पाय पेडलवर पडला, गिटारच्या फटक्यावर, ठाम, सेहेचाळीस वर्षांच्या जोराने. सगळं एका घराने सरकलं. पुन्हा माझं गाणं झालं.

आणि मग बॅमीने ते केलं. डोळे न उघडता, चेहऱ्यावरची रेषा न हलवता, त्याने एक ठोका गिळला आणि ड्रम माझ्या बाजूला आणून ठेवला. त्याच्यामागून बास आला. मग गिटार. चार मात्रांच्या आत तिघांनी घर बदललं आणि माझ्या मोजणीत येऊन बसले, जणू पहिल्यापासून तिथेच राहत होते. चर्चमध्ये कोणाला काही कळलं नाही. गाणारा असता तर अडखळला असता, गाणारा नव्हता. आता सगळं माझ्या एकवर पडत होतं, भक्कम, स्तोत्रासारखं, मागच्या बाकावरून हातमोज्यांच्या टाळ्यासुद्धा पडायला लागल्या. मला कळलं होतं. मला कळलं आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी मान डोलावली आणि शेवटपर्यंत तसंच वाजवलं. माझ्यासाठी मांडलेलं ताट बाजूला सारायची हिंमत नव्हती. जे जाणूनबुजून करणं पाच वेळा जमलं नव्हतं, ते आज त्यांना जमलं, ज्याला जमवायचं होतं तो पेटीत होता, आणि मी पेटीशेजारी बसून ते चोख वाजवत होतो.

"छान झालं, मास्तर," बाहेर बॅमी म्हणाला. त्याने टाय सैल केला होता.

"उलटं झालं."

"कुठं हो."

"बॅमी."

तो बुटावरची धूळ झटकायला वाकला. "शेवटी शेवटी थोडंसं," म्हणाला. मग माझं कोपर धरून त्याने मला पायऱ्या उतरवल्या. पायऱ्या तीनच आहेत आणि त्या मला पाठ आहेत. तरी मी उतरवू दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चमध्ये मी वाजवलं, लोकांनी हात हातात घेतले, रेक्टर म्हणाले की कालची ती शेवटची धून फार भारदस्त. घरी आलो. आंब्याचा हंगाम होता. दीडच्या सुमाराला मी सवयीने सुरी आणि बशी काढून टेबलावर ठेवली, मग आत ठेवली. गार्नेटच्या खोलीत गेलो. उलट्या पलंगावर पलंगपोस ताणलेला, आरशाची पाठ, खिडकी कपाटाने अर्धी झाकलेली. दर रविवारी या वेळेला तो इथे तासभर पडायचा, पाय बाहेर काढून, कारण हा पलंग तो सोळाचा असतानाच त्याला आखूड झाला होता. मी आरसा सरळ केला. मग पलंगाला खांदा लावला. पलंग महोगनीचा, हायसिंथच्या माहेरचा. तो वीतभर सरकला आणि माझ्या पाठीत कळ आली.

"काय चाललंय?" आयसिल्डा दारात उभी होती, हातात फडकं.

"होता तिथे लावतोय."

"अरे, खोली ओळखेल तो. परत येईल."

"आयसी, उलटी ठेवली तरी ओळखणार होता," मी म्हटलं. "उलटं लावलेलं ज्याला ओळखू येत नाही असा या घरात एकच माणूस राहतो."

ती काही समजली नाही. मग तिने फडकं खांद्यावर टाकलं, पलीकडे गेली, वाकली आणि तिच्या बाजूच्या पायाला हात घातला. दोघांचं मिळून वय दीडशेच्या आसपास. तो पलंग आमच्याकडे बघून हसत असावा.

"तीन म्हटलं की उचलायचं," ती म्हणाली. "मोज."

मी दोन्ही हातांनी कड धरली. "तू मोज, आयसी," मी म्हटलं. "मी नुसता उचलतो."